नऊ मीटर

मे महिन्यात माझ्या कॅलेंडरात देव नसतात,
डोकी असतात.
चार तारीख, येळ्ळूर, एकशे दहा, भगवे.
सहा तारीख, बैलहोंगल, साठ,
शिवाय सासऱ्याचा वेगळा, जरीचा.
नऊला दोन ठिकाणी. भरमूला निपाणीला धाडायचं.
त्याला तुरा अजून जमत नाही,
बोलायला मात्र जमतंय.

शहापुरात पहाटे तीनला पाणी येतं, तेव्हाच रंगाची बादली.
खळ फार झाली तर कापड कागदासारखं वाजतं,
कमी पडली तर वरातीतच
नवरदेव आजारी दिसायला लागतो.

येळ्ळूरला हळदीची डोकी, तेलानं सुळसुळीत.
पहिला वेढा घसरतो, म्हणून कानामागून घ्यायचा,
आणि चुलते मध्येच विचारणार,
आमचा नंबर कधी गा?
बैलहोंगलात कपाळ राखून ठेवायचं.
विभूतीच्या तिन्ही रेघा पुऱ्या दिसल्या पाहिजेत,
एक जरी झाकली
तरी आजोबा सगळं सोडायला लावतात.
तिथं मी म्हणतो, "तली अळगाडसबॅडरी,"
इथं म्हणतो, "मान हलवू नका."
सावकाश मात्र दोन्हीकडं सावकाशच.

चिकोडीकडचे जैन सूर्य बुडायच्या आत जेवणार,
त्यांचे फेटे अंधारातच सुरू, बॅटरीच्या उजेडात.
मुरगोडला वरून सेहरा येतो, मोगऱ्याचा, ओला, किलोभर.
ते वजन फेट्यानं धरायचं
आणि धरलंय असं दिसू द्यायचं नाही.
खानापूरच्या चर्चमध्ये मला काम नसतं.
तरी एकदा सुटातल्या पोरांनी
फोटोपुरते बांधून घेतले पंचवीस.
सव्विसावा पाद्रीबाबांनी.

डोक्याला हात लावला की कळतं बघा.
कुणाला ताप आहे, कुणाची शीर उडतेय.
रात्रभर रडलेल्या पुरुषाचं कानशील गरम असतं,
हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

परवा रजिस्ट्रारच्या ऑफिसाबाहेर बसलो होतो
तिच्याच वाटणीच्या कागदासाठी.
पिशवीत एकच फेटा, कुणाचा तरी परत आलेला, गुलाबी.
एका पोरानं पिशवी ओळखली. बसवंत नाव.
"काका, लहानसा बांधता काय?
घरी जायच्या आत सोडता येईल असा."
शेजारी रोझलिन. कॉटनची साडी,
इस्त्रीची घडी अजून पोटावर आडवी,
पायात रोजच्याच चपला.
"तयारी काय काय केली?"
"आधार, फोटो, तीन साक्षीदार. तिसरा वाटेत आहे."
"आणि हार?"
दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

झेरॉक्सच्या दुकानातल्या स्टुलावर बसवलं त्याला.
कानशील गार होतं. मला बरं वाटलं.
दोन वेढे झाले, आणि ती म्हणाली,
"मला पण."

आता फेटा तर एकच.
मग उलगडला परत,
आणि कागद कापायच्या पात्यावर
साडेचार, साडेचार.
एरवी कापड चिरताना मी दुसरीकडं बघतो.

तिला अंबाड्यावरून घ्यावा लागला.
बाईचं डोकं मी पहिल्यांदाच बांधत होतो,
हात जरा अडखळले. तीच म्हणाली, सावकाश.

तिसरा साक्षीदार वाटेतच राहिला.
क्लार्कनं मला विचारलं, नाव? पत्ता? धंदा?
"डोकी बांधतो."
तो हसला नाही. कन्नडात काहीतरी लांबलचक लिहिलं.
सही मी मराठीत केली. चालतंय म्हणाला.
अंगठा मात्र मशीन घेईना,
सगळ्या रेघांत रंग भरलेला, तीस वर्षांचा.
धोतराला पुसला, थुंकी लावून पुसला,
मागं ती दोघं अर्ध्या-अर्ध्या फेट्यात उभी,
मान ताठ. मी सांगितलं नव्हतं.
चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.

वाटणीचा कागद त्या दिवशी राहिलाच.
घरी सांगितलं, साहेब लग्नात होते.