धुलाई

नववी हार. डकोटाचा वारा कापत
बस मध्यरात्री परतली.
जर्सींचा ढीग माझ्यापुढे.
जिंकणाऱ्यांचे डाग छातीवर असतात,
आमचे पाठीवर.

नवा कोच रेडमाकर
मशीनपाशी उकिडवा बसतो.
त्याच्या अंगणात कुणीतरी
'घर विकणे आहे'ची पाटी रोवलीय.
त्याने ती उपटलेली नाही.

"ऑर्व्हल, कोऱ्या किती?"
"अकरा."
बाकावरच्या पोरांच्या, घडीही न मोडलेल्या.
हं म्हणतो, जातो.

शेवटचा शनिवार: बेचाळीस-तीन.
दहावी.
त्या रात्री साबण संपला.
त्रेसष्ट नंबरची कॉलर,
दंतवैद्याच्या त्या किडकिडीत पोराची,
तीनदा घासली. चिखल निघेना.

"राहू दे तो," कोच दारातून म्हणाला.

मी ऐकलं नाही.
धुणं ते धुणं.