शेवटचं रीळ

शुभ शुक्रवारी पप्पांना दोन ठिकाणी काम असायचं.
दुपारी तीनपर्यंत चर्चमध्ये पेटी,
आणि सहापासून दुसऱ्या गेटापलीकडच्या टॉकीजात, वर,
केबिनमध्ये कार्बनच्या कांड्या जुळवत.
पाळक म्हणाले, शांतवन, दोन धनी बरे नव्हेत.
पप्पा म्हणाले, दोन्हीकडं मला मागंच बसवतात पास्टर,
आणि चुकलं तरच लोक वळून बघतात.

त्या वर्षी येशूच्या सिनेमाची एकच प्रिंट बेळगावात आली,
दोन टॉकीजांत वाटून.
खडेबाजारात एक रीळ संपलं
की ते डब्यात घालून सायकलनं आमच्याकडं.
ने-आण करायचा आमचा योनाथन.
शुक्रवारी त्याला गोवर निघाला.
मी अकरा वर्षांची, पाय पुरत नव्हते,
नळीखालनं पाय घालून हाफ पायडल मारायची.

सात रिळं नेली. कॅनाचं लग्न नेलं,
वादळ नेलं, कोंबडा आरवला तो नेला,
खिळे नेले. ते जड होते की मी दमले होते,
माहीत नाही.
सातव्याच्या शेवटी धोंड लोटली जाते, एवढं मला ठाऊक होतं.
आठवं घेऊन निघाले, गोवावेस ओलांडलं,
आणि गेट पडलं.

खनिजाची मालगाडी. हॉस्पेटकडनं आलेली, गोव्याला जाणारी.
निम्मी गेली आणि थांबली.
गेटवाले बसलिंगप्पा तंबाखू मळत आले,
"काय नेऊलालीस गे डब्यातनं?"
मी म्हटलं, येशू उठलेला हाय ह्यात,
तिकडं लोक बसल्यात.
त्यांनी डब्यावर बोट वाजवून बघितलं.
"उठलाय न्हवं? मग थांबंल की जरा."

तिकडं काय झालं ते मला आईनं सांगितलं.
पांढरा पडदा. शिट्ट्या. सोड्याची बाटली घरंगळत
पार पुढच्या बाकापर्यंत गेली.
पैसे परत, असं कुणीतरी मराठीत ओरडलं,
कुणीतरी कन्नडात.
त्या वर्षी त्या दोन भाषांचं
बाहेर रस्त्यावर पटत नव्हतं.
आणि बायकांच्या बाजूला सुवार्ताबाई,
मिशन हॉस्पिटलात चादरी धुणाऱ्या,
एकदम गायला लागल्या. पेटी नाही, सूर जरा वरच लागलेला.
अर्ध्या लोकांना वाटलं सिनेमातलंच गाणं आहे,
ते गप्प झाले.
मागनं एक म्हातारा तीच चाल कन्नड शब्दांत म्हणू लागला.
शब्द अडखळले. चाल नाही अडखळली.
केबिनच्या चौकोनी भोकातनं पप्पांनी
बोटांनी खिडकीच्या लाकडावर ताल धरला होता म्हणे.
त्यांना कुणीच वळून बघितलं नाही.

मी पोचले तर दारावर मिंगेल.
"तुझा भाऊ कुठाय? पोरीच्या हातात कोण देतंय रीळ?"
मी म्हटलं, मी आणलंय.
"खोटं बोलतीस."
मग मी झाकण उघडून दाखवलं.
त्यानं आत बोट घातलं,
तेव्हा त्याला पटलं.

टॉकीज आता मोटारसायकलींचं शोरूम आहे.
पडदा होता तिथं काच.
चर्चमध्ये पेटीच्या जागी कीबोर्ड आला, तो मी वाजवते,
त्याचा वरचा नी दाबला की अडकून बसतो,
दुरुस्तीचा ठराव दोन वर्षं कमिटीपुढं आहे.
दर वर्षी शुक्रवारावर उपदेश होतो, रविवारावर होतो.
शनिवारावर कुणी बोलत नाही.
बोललं तर मी सांगू शकेन
त्याला तापलेल्या रुळांचा वास येतो,
अंगावर लाल धूळ बसते,
आणि डबा तुझ्याच कॅरियरला बांधलेला असतो.

पप्पा गेल्यावर ट्रंकेत त्यांची केबिनची वही मिळाली.
कांड्या किती जळल्या, पट्टा कुठं तुटला, वेळा.
त्या शुक्रवारच्या पानावर, त्यांच्या तिरक्या अक्षरात:
रीळ आठ. एक्केचाळीस मिनिटं उशीर.
मुलीनं आणलं.

पुढं दंडाचा आकडा. पगारातून वजा.