दहाची टक

आमच्या गल्लीचं नाव वाटाणा,
पलीकडचीचं बटाटा, त्यापुढे घेवडा.
तार्तूत या भागाला सूपनगर म्हणतात,
आणि घरंही भाजीच्या खोक्यांसारखीच,
फळ्याफळ्यांची, फटींत शेवाळ कोंबलेली.
माझ्या उशाची भिंत
तीच एंडेलच्या टेबलामागची भिंत.

रोज आठला तो काहीतरी लावतो.
चेलो. कधी नुसते पुरुषांचे आवाज.
कधी कुणीतरी पियानोवरून जिना उतरत येतं
आणि मधल्याच पायरीवर थबकतं.
मी बीट किसते, मोजे वाळत घालते
त्याच्या तालात.
तालात असं नाही, आपलं सोबतीनं.

मग दहा. टक.

कपाला नख लागावं एवढीच.
आणि संगीत भिंतीतून पाय काढून घेतं,
जाऊन बसतं त्याच्या एकट्याच्या कानांत.
थांबलेलं नसतं ते, हेच तर वाईट.
तिकडे वाजत असतं, इकडे
शेगडीत ओंडका कूस बदलतो.

सहा वर्षं.
सहा वर्षं रोज भरल्या ताटावरून उठले मी.
सुरुवाती सगळ्या तोंडपाठ,
शेवट एकाचाही माहीत नाही.

फेब्रुवारीत त्यानं दार वाजवलं.
हातात हेडफोन, मेलेला पक्षी धरावा तसा.
डावी बाजू मुकी झालीय, म्हणाला,
तुम्ही श्रवणयंत्रं दुरुस्त करता ना?

पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसले.
अ‍ॅम्प्लिफायर वहीएवढा, काळा,
पुढे एक चंदेरी खटका.
वर स्पीकरचं चित्र, खाली हेडफोनचं,
असणार, म्हणजे.
दोन्ही त्याच्या अंगठ्यानं पुसून गेलेली.
वायर कानाशीच तुटली होती. डाग दिला,
फुंकर मारली. खोलीभर राळेचा वास.
तुमची झोप मोडू नये म्हणून, तो म्हणाला,
मी काही विचारलंच नव्हतं.

बघा, दोन्हीकडून येतंय का.
टक.

या बाजूनं ती वेगळीच ऐकू येते.
भिंतीपलीकडे दार लागायचं,
इथे उघडलं.

एंडेल समोर बसून, हात मांडीवर,
त्याच्यासाठी खोलीत आवाजच नव्हता.
माझ्या चेहऱ्यावरून तो ऐकत होता.
एक बोट हवेत हलत होतं, अर्धी मात्रा मागे.
आता ओबो आला ना? त्याचे ओठ म्हणाले.
आला नव्हता.
मग आला.

आणि शेवट?
शेवट म्हणजे सुरुवातीचेच चार सूर,
जरा दमलेले,
आणि मागे कुणा वादकाची खुर्ची करकरली.

दोन्हीकडून येतंय, मी म्हटलं.
आणि निघता निघता, उंबऱ्यावरून:
मला वाटलं होतं, मोठा असेल शेवट.
त्याला कळायला वेळ लागला.
किती वर्षं? त्यानं विचारलं.
सांगितलं, तर कानांपर्यंत लाल झाला.

तरी दहाला टक होतेच. नियम तो नियम,
आणि आम्ही इथली माणसं
एका दुरुस्तीवर दारं उघडी टाकणारी नव्हे.
फक्त नंतर केव्हातरी,
पावणेअकराला, कधी सव्वाअकराला,
भिंतीवर बोटाचं पेर वाजतं. एकदाच. ठक.
म्हणजे संपलं.
मग मी दिवा मालवते.

परवा ठक आलीच नाही.
साडेबारापर्यंत जागी होते,
भिंतीला कान लावायची लाज वाटली, लावला.
सकाळी लाकडांच्या कोठीशी भेटला,
गालावर हेडफोनच्या गादीचा गोल वळ.
मधेच डोळा लागला, म्हणाला.
मग शेवट?
मलाही नाही माहीत.

बर्फ पायऱ्यांवर घट्ट बसलं होतं.
टोपली जड होती, बर्चनं भरलेली.
तिचा एक कान त्यानं धरला, एक मी.