मासिक की वार्षिक

तहसीलच्या फाटकासमोर, झेरॉक्सच्या डावीकडे माझं टेबल.
एक संगणक, एक प्रिंटर, गल्ल्याला बिस्किटाचा डबा,
कळफलकावरचं शून्य पार झिजलेलं.
उदगीरची माणसं इथं येऊन आपलं उत्पन्न सांगतात.
सांगताना आवाज खाली जातो,
दवाखान्यात जातो तसा.

जूनमध्ये सगळेच गरीब.
पोरीची फी माफ व्हायची असते,
वसतिगृहाचा नंबर लागायचा असतो.
‘लिव्हा की, अठ्ठेचाळीस हजार. वर्षाचे.’
तुळशीचं लग्न लागलं की तीच माणसं
पोराचा बायोडाटा घेऊन येतात.
‘लिव्हा, चाळीस हजार. महिन्याचे.’
मी दोन्ही लिहितो.
बायोडाट्याला वर गणपती फुकट.

खरा आकडा मधे कुठंतरी असतो,
बिनथांब्याच्या गावासारखा.
गाडी तिथून जाते, पण थांबत नाही.

परवा लाईट गेली.
रांग पांगली नाही, आहे तिथंच खाली बसली.
अर्ज बंद पडला की माणसं खरं बोलतात
हे मला बारा वर्षांत कळलेलं एक शास्त्र.

खाजामियाँ गवंडी म्हणाला, दिवसाला नऊशे पडतात,
अमावस्येला बिगारी येत नाहीत, तेवढे सोडून.
शेजारी डॉक्टर नागनाथ हुडगे.
सुई-गोळीचे नव्हेत, पुस्तकाचे डॉक्टर.
कॉलेजात तासाप्रमाणे पैसे,
तेही मार्च उलटल्यावर, उन्हाळा अर्धा संपल्यावर.
दाखल्यावर त्यांनी व्यवसाय सांगितला होता : मजुरी.
मी वर पाहिलं. ते म्हणाले, ‘लिहा. खोटं कुठंय?’

मी सहज विचारलं, ‘मग सर, सोडून का देत नाही?’
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
‘गेल्या साली एकदा सुट्टी जाहीर झालेली मला कळलंच नाही.
अकरा पोरं बसली होती, त्यांनाही कळलं नव्हतं.
पावणेदोन तास शिकवलं.
मागच्या बाकावरची एक मुलगी नेमकी हसायच्या ओळीला हसली.
एवढा तास मला परत जमला नाही.’
थांबून म्हणाले,
‘तो तास हजेरीपटात धरला नाही.’

खाजामियाँनं मान हलवली. म्हणाला,
‘प्लास्टरचा हात शेवटचा फिरवला की भिंत थंड लागते, सर.
पण म्हणून कुणी पन्नास जास्त देत नाही.’

‘समाधान बिमाधान मला नका सांगू,’ पार्लरवाली रुक्साना म्हणाली,
‘नवरीचे पाच हजार हातात पडतात, तेच समाधान.
भुवयांच्या तीस रुपयांत मान दुखते तेवढी.’
सगळे हसले. नोंदणी कार्यालयातले कोंडामंगले सोडून.
त्यांचा पगार कुणी विचारला नाही.
खिशातल्या छोट्या कॅलेंडरवर
ते निवृत्तीचे आठवडे खोडतात, लाल पेनानं,
दर शनिवारी, माझ्याच टेबलावर पेन मागून.

लाईट आली.
प्रिंटरनं अर्धवट राहिलेला कागद बाहेर फेकला,
आणि सगळे पुन्हा अठ्ठेचाळीस हजारांचे झाले.

संध्याकाळी माझी सोनल आली, अकरावीचा फॉर्म घेऊन.
‘बाबा, आपला दाखला राहिलाय की.’
नाव टाकलं, गाव टाकलं.
व्यवसायापाशी जरा अडलो, मग ‘इतर’ निवडलं.
उत्पन्नाच्या चौकटीत ती बारीक रेघ
उघडझाप, उघडझाप.
सवयीनं तोंडातून गेलं : मासिक की वार्षिक?
समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं,
पोरगी मागं उभी राहून शेंगदाणे खात होती,
तरी आवाज खाली गेला.

शून्य दोनदा दाबावं लागलं.