शिल्लक नावं

जिमखान्याच्या दाराशी माझं टेबल.
टेबलावर एकशे ऐंशी नावं,
प्रत्येकाच्या पाठीला एक सेफ्टी पिन.
पुंता अरेनासमध्ये दार उघडलं की
आधी वारा आत येतो, मग माणूस,
म्हणून नावांवर मी गोटे ठेवते,
सामुद्रधुनीच्या काठावरून वेचलेले सहा.
बावीस वर्षं तेच सहा.

सकाळी व्याख्यान होतं, शेवाळाच्या दलदलीवर.
अधिष्ठात्यांचं नमनालाच घडाभर तेल,
मग डॉक्टर ओयार्सून उठल्या, माइकपेक्षा बुटक्या,
म्हणाल्या, दलदल वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते,
तिला घाई करता येत नाही.
पहिली रांग रिकामी.
शेवटच्या रांगेत एक पोरगा गाढ झोपलेला,
प्रोजेक्टरचा हिरवा उजेड त्याच्या उघड्या तोंडात.
मला वाटलं, ह्याला व्याख्यान कळलं.

दुपारी त्याच खुर्च्या भिंतीला टेकवल्या
आणि नोकरीचा मेळावा मांडला.
सॅमनवाल्यांनी पेनं वाटली, हॉटेलवाल्यांनी चॉकलेटं.
वाऱ्यापासून इंधन काढू म्हणणाऱ्यांनी
टेबलावर कागदी पवनचक्की ठेवली होती.
मी दार उघडलं की तेवढीच फिरायची.

दानिका बार्रिया, भावाचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
सॅमनवाल्यासमोर उभी.
तुमच्याकडे पाणबुडे किती?
तो म्हणाला, वाढीला भरपूर वाव आहे.
तसं नाही, ती म्हणाली,
खाली किती जातात आणि वर किती येतात?

तेवढ्यात वीज गेली.
इथे जाते; वाऱ्याने तारा एकमेकींत गुंततात.
दोनशे माणसांची आंधळी कोशिंबीर,
कुणी हसलं, कुणाची कॉफी सांडली,
मी मेणबत्त्या घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होते,
म्हणून मला ऐकू आलं.
त्या अंधारात तो माणूस हळूच म्हणाला,
गेल्या हिवाळ्यात एक नाही आला.
मी त्याच्या बायकोला फोन केला होता.

दिवे आले.
त्याने टाय सरळ केला, तिला पेन दिलं.
तिने घेतलं.
त्याच पेनाने तिने अर्ज भरला की नाही
ते मी पाहिलं नाही.
पाहायला हवं होतं, की नको होतं?

संध्याकाळी खुर्च्या पुन्हा हलल्या.
नव्या मुलांचा स्वागतसमारंभ, कुंबिया,
दलदलीचे डॉक्टर आणि कोटातली दानिका
एकाच बाजूने चुकीच्या पायावर नाचत होत्या.
मी शिल्लक नावं ताटलीत मोजली. एकतीस.
न आलेल्यांची नावं मी लगेच फेकत नाही,
कागद जाडसर असतो, मागची बाजू कोरी.

यर्को मान्सिया.
हे नाव मी सलग तिसऱ्या वर्षी लिहिलं होतं.
म च्या गठ्ठ्यात दर वर्षी हेच शेवटी उरायचं.

साडेअकराला दार उघडलं. वारा,
मग गमबूट घातलेला एक उंच मुलगा,
हातांवर मोज्यांचे वळ, अंगाला मासळीचा वास.
डोन्या मिलेना, मेळावा संपला का?
दुपारीच.
पाळी बदलून मिळाली नाही.
त्याने आत पाहिलं. आता काय चाललंय?
नाच.

मी गोटा उचलून त्याचं नाव दिलं.
त्याने वाचलं, बराच वेळ,
जसं काही स्पेलिंग तपासत होता,
आणि स्वेटरला लावलं. उलटं.
मी काही बोलले नाही.

नाचला नाही तो.
शेवटी चार चार खुर्च्या एकदम उचलल्या त्याने,
मला दोनच जमतात.
मग नाव तसंच छातीवर ठेवून बाहेर पडला,
रस्त्याकडेच्या दोराला धरत, वाऱ्यात पुढे वाकून.

ताटलीत तीस.
गोटे टेबलावरच ठेवले.
उद्या नऊला शिष्यवृत्तीची माहितीसभा आहे,
आणि कुणीतरी पवनचक्की विसरून गेलंय.