प्रश्न चोपन्नावा

वीब्के ब्रेमेनहून विचारते, रात्री दोन वाजता.
झोप येत नसणार. लग्न मे महिन्यात,
मग आमच्याकडे, सेंट लुशियात, दहा रात्री,
टेकडीवरचा तिसरा व्हिला, पोहायला स्वतःचं पाणी.

अकरा महिन्यांत मी तिला कळवलंय ते असं:
पलंगापासून लाटेपर्यंत एकेचाळीस पावलं.
माझी. नवरा उंच असेल तर तेहेतीस धर.
बेडूक रात्रभर ओरडतात, नखाएवढे, दिसत नाहीत,
तिसऱ्या रात्रीपासून ऐकू येईनासे होतात.
मच्छरदाणी शोभेची नाही.
गुलाब मायामीवरून विमानानं येतात
आणि नवरीपेक्षा जास्त दमलेले असतात,
त्यापेक्षा चादरीवर बोगनवेल पसरू.
हो, टॉवेलचे हंस करतो. नको असतील तर राहू दे,
ओफेलियाचं मनगट तेवढंच वाचेल.

शेवाळाचं मात्र मी तिला अर्धंच सांगितलं.
कधीकधी येतं, एवढंच.
येतं तेव्हा अख्खा किनारा तपकिरी होतो,
नासक्या अंड्यांचा वास घरात शिरतो,
पहाटे साडेचारला अठरा माणसं दाताळी घेऊन उतरतात,
म्हणजे सातला पडदा सारणारीला वाटावं
समुद्र असाच असतो मुळी.
त्या अठरांत माझा क्लेटस.

आणि आज हे:
तुम्ही स्वतः कुठे गेला होतात, हनिमूनला?

त्रेपन्न प्रश्नांची उत्तरं फाइलीत आहेत.
याचं नाही.

सहा वर्षं झाली. शनिवारी श्वाझेलच्या चर्चमध्ये लग्न लागलं.
क्लेटसनं मार्टिनिकच्या बोटीची दोन तिकिटं काढली होती,
आठ महिने पै पै साठवून.
फोर-द-फ्रान्सला बेकरीच्या वर खोली,
पावाच्या वासानं जाग येईल, म्हणाला होता.
रविवारी दुपारी रेडिओवर वादळाचं नाव आलं.
बाईचं नाव. सवत निघाली असं वाटलं मला.
बंदर बंद.

रात्री आम्ही शाळेत, तिसरीच्या वर्गात,
साठ माणसं, दोन शेळ्या, कुणाचं तरी शिवणयंत्र,
आणि टबात झाकून आणलेला
आमच्या केकचा उरलेला मजला.
मिस इमेल्डा, जी कधी कुणाशी सरळ बोलली नाही,
तिनं कोपऱ्यात चार बाक जोडले,
दोन खिळ्यांना चादर बांधली
आणि क्रिओलमध्ये दरडावलं सगळ्यांना:
तोंडं भिंतीकडे!
साठ माणसं पाठ करून झोपली.
शेळ्यासुद्धा.

बाक एवढेसे की गुडघे हनुवटीला.
वर पत्रे उडायला बघत होते.
भिंतीवर फळा, त्यावर कोण्या बाईंच्या हातचा
सातचा पाढा, अर्धा पुसलेला.
मी थरथरत होते तर क्लेटस कानाशी पाढा म्हणू लागला,
जणू तेवढंच त्याला येत होतं.
सात आठे चोपन्न, म्हणाला.
चादरीपलीकडून मिस इमेल्डा:
छप्पन्न!
आणि साठ पाठी हसायला लागल्या,
इतक्या, की वारा थोडा वेळ
ऐकूच आला नाही.

पहाटे कुणीतरी केक वाटला.
चर्चचा पत्रा केळीच्या मळ्यात सापडला.

मी टाइप करते: जवळच गेलो होतो.
समुद्र दिसत होता, जरा जास्तच.
पुसते.
माणसं खूप चांगली होती.
पुसते. हे तर आम्ही माहितीपत्रकातही लिहितो.

खिडकीबाहेर उजाडतंय. दाताळ्यांचा आवाज.
एक ओळखीची टोपी वाकते, उठते, वाकते.

प्रिय वीब्के,
पातळ शाल आण, रात्री वारा असतो.
हनिमूनचं सांगेन, इथे आलीस की, समोरासमोर.
आणि त्या शेवाळाबद्दल.
मी तुला अर्धंच सांगितलं होतं.