रॅम्प उचलायच्या आधी

दिवाडीच्या फेरीवर मी एकोणीस वर्षं दोर टाकतो.
धक्का जवळ आला की हात आपोआप उठतो,
खुंट्याला फास बसतो, मग मी विचार करतो.
बाकी सगळ्या गोष्टींत माझं उलटं:
आधी विचार, मग आणखी विचार,
मग बांगड्याचं कालवण आणि झोप.

एस्कोलास्तिकाबाय पहिल्यांदा बोलली ती फेरीतच.
पिशवी मांडीवर. पिशवीत कात्री, कापूस, आयोडीन,
एक जपमाळ, एक बिस्किटांचा पुडा.
चाळीस वर्षं बेटावरची अंथरुणाला खिळलेली माणसं
तिनं धुतली, पुसली, कुशीवर वळवली.
"जासिंत, हात थरथरतात रे. कात्री कातड्याला लागते.
पिशवी तू घे. आणि एकटा जाऊ नको,
कुणाला तरी सोबत ने, शिकव.
माझ्याबरोबर हे संपलं तर मी केलं काय?"

मी म्हटलं, बोंदेरां होऊन जाऊ दे.

बोंदेरां झालं. मग छपराची कौलं.
मग नाताळ, मग धाकटीचं लग्न.
उपासकाळात म्हटलं, ईस्टर झाला की नक्की.
जसं काही दुखणी कॅलेंडर बघून येतात.

इगर्जीत उजव्या भिंतीवर एक चित्र आहे:
कोळी उठलेला, एक पाय होडीबाहेर,
जाळ्यात मासे अजून वळवळताहेत.
लहानपणापासून मला एकच काळजी,
त्या माशांचं पुढं काय झालं? कुणी आवरले?
पाद्रीबाबांना विचारलं तर हसले,
"बोलावणारा दिसला नाही तुला, मासे दिसले."
त्या हसण्याचा राग आला होता.
अजून थोडा आहे.

खाजनाच्या मानशीवर मिंगेल असतो.
भरतीला दार आपोआप मिटतं,
पण ओंडका अडकला तर काढायला माणूसच लागतो.
एका रात्री त्याला ओंडका दिसला.
म्हणाला, सकाळी काढू.
तीन वर्षं त्या शेतांत भात नाही.
हे तो उपदेश म्हणून सांगत नाही,
तोंड फिरवून सांगतो.

गेल्या आठवड्यात, सातच्या फेरीला,
पिशवी एका पोराच्या खांद्यावर.
कोळंबीच्या तळ्यावरच्या दिगलांचा थोरला, जुनेश,
कंधमालहून आलेला, मिसरूडही नीट न फुटलेलं.
मी बायकडे बघितलं. हा?
"तू विचारलंस, कधीपासून," ती म्हणाली,
"ह्यानं विचारलं, कुठं."
ओला दोर तळव्यातून सरकून जातो ना,
तसं काहीतरी झालं. रक्त नाही, नुसती आग.

दुसऱ्या संध्याकाळी पोर धावत धक्क्यावर आला.
"अंकल, पास्कोलबाबांच्या पायाची पट्टी सुटते.
माझी गाठ राहत नाही.
बाय म्हणाली, गाठींचं तुम्हाला विचार."
इंजिन सुरू. अकरा माणसं, चार स्कूटर,
एक फणसांचा टेम्पो. भोंगा वाजला.
मी फास सोडवला आणि तोंड उघडलं:
एवढी फेरी होऊ
आणि वाक्य तिथंच अडलं,
ओंडक्यासारखं.

रॅम्प उचलायला लागला होता.
माझा एक पाय त्यावर, एक बेटावर.

पास्कोलच्या खोलीत पिवळा बल्ब, कुबट गोधडी.
जखम बघून पोट ढवळलं, खोटं का सांगू.
पोर दिवा धरून उभा.
"डावा उजव्यावर. आता उजवा डाव्यावर. ओढ.
एवढं नको, माणूस आहे."
तिसऱ्या खेपेला त्याला जमली.
"फेरीला हीच बांधता?"
"नाही. फेरीची वेगळी. ही माणसाची."
पास्कोल डोळे मिटूनच म्हणाला, "कोण रे दुसरा?
इतके दिवस कुठं होता?"
पोरानं माझ्याकडे बघितलं.
मी कापूस शोधत राहिलो.

फेरी माझ्याविना गेली त्या दिवशी.
एक दिवसाचा पगार कापला, कप्तान अजून बोलत नाही.
पलीकडच्या धक्क्याला दोर कुणी टाकला,
मी विचारलेलं नाही.